सिद्रामप्पांचं खोकं

सिद्रामप्पांना कुठलीही वस्तू नीट समजून घ्यायची असली की ते तिच्यावर तळहात ठेवत. नळाला पाणी येतंय का, हे ते तोटी न उघडता नळीवर हात ठेवून सांगत. पिठाच्या गिरणीत गेले की डबा खाली ठेवण्याआधी भिंतीवर हात टेकवत आणि गिरणीवाल्याला म्हणत, "पट्टा ढिला हाय तुजा." तो चिडायचा, पण दुसऱ्या दिवशी पट्टा आवळलेला असायचा. मी त्यांच्याशी पहिल्यांदा भांडायला गेले, तेव्हा त्यांनी माझ्या पुस्तकांच्या कपाटावर असाच हात ठेवला होता.

भांडायला गेले असं मी लिहिते आहे खरी, पण त्या भांडणाची तयारी मी दोन दिवस मनातल्या मनात करत होते. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत असे. आई गेल्यानंतर सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बैठ्या चाळीत दोन खोल्या घेऊन एकटी राहत होते. मागच्या गल्लीत सकाळपासून यंत्रमाग चालत. त्या खटखटीची मला सवय झाली होती. ती सगळीकडून यायची, म्हणून ती कोणाचीच नव्हती. पण बहात्तरचा मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या आणि सिद्रामप्पांच्या मधल्या भिंतीतून एक नवा आवाज येऊ लागला. आवाज म्हणावा असा तो नव्हताच. भिंत आतून कोणीतरी हळूहळू ढकलतं आहे असं वाटायचं, आणि कपाटावरचा कप बशीत किणकिणायचा.

शनिवारची दुपार होती. त्यांच्या बायकोने, गौराक्कांनी, दार उघडलं आणि काही न विचारताच म्हणाल्या, "या बाई, बघा काय मांडलंय." आत पलंगावर, जिथे अप्पा नेहमी बसत, तिथे एखाद्या पाहुण्यासारखं एक मोठं लाकडी खोकं बसवलं होतं. त्याच्या पुढच्या बाजूला परातीएवढा काळा कागदी स्पीकर होता. आणि पन्नाशी उलटलेले सिद्रामप्पा धोतर खोचून भिंतीच्या कडेकडेने चार पायांवर चालत होते. दोन पावलं गेले की थांबत, भिंतीवर तळहात ठेवत, डोळे मिटत, मान हलवत आणि पुढे सरकत.

"अप्पा, मला या आवाजाचा त्रास होतो," मी म्हणाले. माझा आवाज मुळात लहान. शाळेत मुख्याध्यापिका मला सारख्या 'मोठ्याने बोला' म्हणत. म्हणून मी पुन्हा, जमेल तेवढं ओरडून सांगितलं.

"ओरडू नगा," अप्पा तसेच ओणव्याने म्हणाले. "ओरडलं की तोंड वाकडं हुतंय, मग समजत न्हाय. नुसतं तोंड हालवा. आवाज नको."

मी नुसते ओठ हलवले. त्यांना सगळं समजलं. ते उठले, तडक माझ्या खोलीत आले आणि पुस्तकांच्या कपाटावर हात ठेवून उभे राहिले. अक्कांनी तिकडे तबकडी लावलेली होती. कप थरथरला आणि अप्पांचा चेहरा एकदम उजळला.

"हितवर आलंय की! हीच जागा. ह्याच भिंतीला बसवायचं."

"आणि मी?" मी ओठांनीच विचारलं.

"तुमी वाचा की. मी काय पुस्तक हिसकावून घेतोय व्हय?"

असा हा माणूस. माझी तक्रार त्यांनी पुरावा म्हणून दाखल करून घेतली.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते अक्कांनी मला नंतर सांगितलं. अप्पा मूळ वळसंगचे. मिसरूड फुटायच्या आत सोलापुरात आले आणि कापडगिरणीत मागावर उभे राहिले. पंचवीस-तीस वर्षं त्या खटखटीत काढल्यावर कान हळूहळू उतरले. आधी चिमण्या गेल्या, मग अक्कांच्या बांगड्या, मग माणसांची बोलणी. गिरणीच्या डॉक्टरने तपासून कार्डावर 'बहिरा' असा शिक्का मारला आणि त्यांना मागावरून काढून फाटकावर बसवलं. अप्पांनी कार्ड घरी आणलं. प्रौढांच्या वर्गात शिकलेली अक्षरं जुळवून त्यांनी तो शब्द पेन्सिलीने खोडला आणि खाली लिहिलं, 'बारीक ऐकतो', म्हणजे बारकाईने. दुसऱ्या दिवशी तेच कार्ड त्यांनी फाटकावर सगळ्यांना दिसेल असं टांगलं.

मागाचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं पखवाजाचं. वीस वर्षं ते गल्लीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवत होते. मंडळाचे गुंडूबुवा शिंपीकाम करत आणि गात. त्यांचा गळा फार चांगला आणि जीभ तेवढीच कडक. एका एकादशीला बुवांनी अभंग संपवला, टाळ थांबले, आणि डोळे मिटून बसलेले अप्पा एकटेच वाजवत राहिले. देवळात हशा पिकला. बुवांनी पुढे होऊन त्यांचा हात धरला तेव्हा त्यांना कळलं. त्यानंतर अप्पा डोळे उघडे ठेवून, बुवांच्या तोंडाकडे बघत वाजवू लागले. मागावर कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही. तिथे सगळे ओठांवरूनच बोलतात, थट्टा करतात, शिव्यासुद्धा देतात. पण बुवांना ते मान्य नव्हतं.

"तू तोंड बघून वाजवतोस," ते म्हणाले. "मी मान वळवली की तू गेलास. अप्पा, आता पखवाज पुरे झाला. टाळ घे."

"जे मला अजाबात ऐकू येत न्हाय, तेच वाजवू व्हय?" असं म्हणून अप्पा पखवाज खांद्याला लावून घरी आले, ते पुन्हा देवळाची पायरी चढले नाहीत. घरी येऊन त्यांनी पखवाजाच्या डाव्या पुडीवर थाप मारली. त्या बाजूला ओली कणीक लावलेली असते, म्हणून तिचा आवाज जाड, खोल येतो. तो त्यांच्या छातीत उतरला. उजवी बाजू वाजवली, ती आली नाही. त्या दिवशी त्यांना आपला हिशेब समजला. बारीक आवाज गेले होते, जाड आवाज होते. "कान दोनच हायेत, बाई," ते मला म्हणाले होते. "हाडं लई हायेत."

कोपऱ्यावर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रफीकभाईंकडे त्यांनी एक रेकॉर्ड प्लेअर आणि घरगुती अ‍ॅम्प्लिफायर जुळवून घेतला होता. त्याला दोन लहान स्पीकर होते, पण त्यांतून अप्पांना काहीच मिळेना. त्यांना जाड आवाजाचा वेगळा, मोठा स्पीकर हवा होता. रफीकभाईंनी बंद पडलेल्या एका तंबू-टॉकीजचा स्पीकर शोधून आणला खरा, पण तोंड सोडलं नाही.

"अप्पा, कान को सुनता नै तो पेट को सुनाते क्या?"

"व्हय. पोटालाच ऐकवायचं हाय," अप्पा म्हणाले. "पोट काय कमी शाणं असतंय?"

खोकं मोडीत निघालेल्या मागाच्या लाकडाचं केलं. त्याच लाकडापाशी उभं राहून आपले कान गेले, तर त्याच लाकडाने ते परत आणायचे, असा अप्पांचा रोख. आत मागाखाली साठणारा सुताचा कचरा ठासून भरला. जागा शोधायची रीतही त्यांचीच. रफीकभाई म्हणत होते, कोपऱ्यात ठेवा आणि मोकळे व्हा. अप्पा म्हणाले, "माग कुटं हादरतोय ते मागाला कळत न्हाय. खोकं माज्या जागेवर बसवतो आन् मी फिरतो. जितं जास्ती लागंल तितं खोकं, आन् माज्या जागेवर मी." ती जागा नेमकी माझ्या कपाटामागे निघाली, हे वर आलंच आहे.

मी कप दुसरीकडे हलवला. पुस्तकं हलवली नाहीत. का कोण जाणे, पण शनिवारी शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जाऊ लागले. त्यांना ऐकणारे कान हवे होते आणि मला न ओरडता बोलता येईल अशी एक जागा. आम्ही तासन्‌तास बोलत असू आणि खोलीत फक्त अक्कांच्या शेंगा फोडण्याचा आवाज असे.

खोक्याने आम्हाला पुष्कळ छळलं. पहिल्या आठवड्यात ते शीळ घालू लागलं. अप्पांना ते कळायचं नाही, मला कळायचं. फळ्यांच्या सांध्यांतून हवा निसटत होती. उदबत्ती लावून कडेने फिरवली की धूर जिथे फुरफुरे तिथे फट. अशा आठ-दहा फटी निघाल्या. अप्पा म्हणाले, यात काय अवघड आहे, आणि अक्कांना गव्हाची कणीक भिजवायला सांगितली. पखवाजाला चालते ती खोक्याला का चालू नये? त्यांनी सगळे सांधे कणकेने लिंपले. आवाज खरोखर सुधारला. कप दुसऱ्या फळीवरही वाजू लागला. चौथ्या दिवशी मात्र आवाज फाटला. मागची फळी काढून बघतो तर उंदरांनी कणीक चाटून पुसून खाल्लेली, आणि आतल्या सुतात बिऱ्हाड थाटलेलं.

"घरात भाकरीची मारामार आन् उंदरांना गव्हाची कणीक," अक्का म्हणाल्या. "जावई हायेत का तुमचे?"

अप्पा चूक कबूल करणाऱ्यांतले नव्हतेच. "पखवाजाची कणीक वाजवून झाल्यावर खरवडून काढत्यात," ते गंभीरपणे म्हणाले. "मी काढायची इसरलो. कणकीचा काय गुन्हा?" शेवटी रफीकभाईंनी सरस आणि लाकडाचा भुसा कालवून सांधे बुजवले.

त्यानंतर दुसरंच कोडं उभं राहिलं. खोकं एकटं वाजवलं की अप्पांची छाती हलायची. दोन्ही लहान स्पीकर जोडले की जोर वाढायच्या ऐवजी खोकं गप्प बसल्यासारखं व्हायचं. मी कान देऊन ऐकलं, खरंच तसं होत होतं. रफीकभाई नेमके कुर्डुवाडीला बहिणीकडे गेलेले. अप्पांनी बॅटरीतला एक सेल काढला आणि त्याची टोकं स्पीकरच्या दोन तारांना टेकवली. दुसरा हात त्यांनी स्पीकरच्या कागदावर अगदी अलगद, लहान मुलाच्या टाळूवर ठेवावा तसा ठेवला होता. लहान स्पीकरचा कागद बाहेर आला. तशाच जोडणीत मोठ्याचा आत गेला.

"हे बघा. ह्यो आत वढतोय, ते भाईर ढकलत्यात. एकमेकाचं खात्यात. एकानं सूत ताणलं आन् दुसऱ्यानं सोडलं तर कापड हुईल का?" त्यांनी खोक्याच्या तारा अदलाबदल केल्या. तबकडी सुरू झाली आणि माझ्या पायांखालच्या फरशीतून काहीतरी वर चढत आलं. अप्पा पलंगावर बसले, पखवाज मांडीवर घेतला आणि डोळे मिटून वाजवू लागले. तबकडीतलं भजन संपलं. त्याच क्षणी त्यांचे हात थांबले. तबकडी संपल्यावरची खरखर मला ऐकू येत होती. त्यांना ती ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी ते हसत होते.

महिनाभर त्यांनी रोज रियाज केला. मग एका सकाळी ते गुंडूबुवांच्या दुकानात गेले. मी वाटेवरच होते, म्हणून ऐकलं.

"बुवा, शनवारी दुपारी माज्या घरी भजन लावलंय. यायचं."

आमच्या गल्लीत भजनाचं आवतण कोणी मोडत नसे. भांडण असलं तरी नाही. बुवांनी शिवणयंत्र थांबवलं. "पखवाजाला कोण?"

"मी."

"मी तुझ्याकडं पाठ करून बसणार."

"बसा की. मला तोंडाशी काय करायचंय? आवाज पाठवा म्हंजी झालं."

शनिवारी बारा-पंधरा माणसं जमली. अक्कांनी चुरमुरे आणि शेंगाची चटणी केली होती. बुवांसमोर रफीकभाईंनी अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला माईक ठेवला. माईक जवळ आला की स्पीकर शीळ घालतात, ती नको म्हणून त्यांनी लहान स्पीकर काढून ठेवले होते. बुवांचा आवाज फक्त खोक्यात जाणार होता. बुवा ठरल्याप्रमाणे दाराकडे तोंड आणि अप्पांकडे पाठ करून बसले. इतर मंडळींनाही त्यांनी तसंच बसवलं. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही बाहेर बसा. खुणा नकोत." मी दाराबाहेर, अप्पांना दिसणार नाही अशी, उंबऱ्याआड बसले. मला मात्र ते फटीतून दिसत होते. डोळे मिटलेले, डावा पाय अनवाणी, तळवा जमिनीला चिकटवलेला.

पहिला अभंग सरळ गेला. दुसऱ्यात बुवांनी लय वाढवली, मध्येच खाली आणली. अप्पा बरोबर होते. तिसऱ्यात बुवांनी ओळ अर्ध्यात तोडली. टाळकरी दोन टाळ जास्त वाजवून थांबले. पखवाज जागच्या जागी थांबला होता. बुवांच्या मानेवर घाम आलेला मी पाहिला. पण त्यांच्या मनातला संशय जात नव्हता. "पुढचा माणूस मान हलवतो, ते तू बघतोस," ते पाठमोरेच पुटपुटले. ते काही अप्पांपर्यंत पोचलं नाही.

चौथ्या अभंगाच्या ऐन भरात, बुवांचा स्वर वर चढलेला असताना, सगळे टाळ एका तालात आलेले असताना, पखवाज एकाएकी बंद पडला.

बुवा गात राहिले, टाळ वाजत राहिले, एक ओळ, दुसरी ओळ. मग बुवा विजयी चेहऱ्याने वळले. अप्पा हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले होते.

"थांबलास का?" बुवा ओरडले.

अप्पांनी डोळे उघडून त्यांच्या ओठांकडे पाहिलं. "तुमीच थांबलात की."

"मी? मी कुठं थांबलो?"

"तुमी थांबलात, म्हणून मी थांबलो. आता पुना गाताय व्हय?"

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच गप्प झालं. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं. मागच्या गल्लीतली खटखट बंद होती. सगळे माग उभे राहिले होते. डोक्यावरचा पंखा शेवटचे एक-दोन फेरे घेऊन थांबत होता. वीज गेली होती. माईक मेला होता, खोकं मेलं होतं. खोलीतल्या प्रत्येकाला बुवांचं गाणं ऐकू येत होतं, एकट्या अप्पांसाठी ते त्या क्षणी संपलं होतं.

बुवांनी आधी पंख्याकडे पाहिलं. मग उठून खोक्यापाशी गेले आणि, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, त्यावर तळहात ठेवला. मागांशिवायची ती शांतता आम्हाला फार मोठी वाटत होती.

वीज तासाभराने आली. तोवर चुरमुरे संपले होते, तरी एकही माणूस उठला नव्हता. बुवा माईकसमोर बसले, या वेळी अप्पांकडे तोंड करून. "कुठून?" त्यांनी ओठ हलवून विचारलं. अप्पांनी डोळे मिटले. बुवांनी तुटलेली ओळ धरली आणि अप्पांची थाप ती सुटली होती त्याच अक्षरावर पडली.

निघताना बुवा चप्पल घालत म्हणाले, "देवळात हे खोकं चालायचं नाही हां, अप्पा."

"मग तुमी हितं या."

माफी कोणी मागितली नाही. पण पुढच्या शनिवारी बुवा पेटी घेऊन आले, आणि त्यापुढच्याही. अप्पा असेपर्यंत शनिवारचं भजन त्यांच्याच घरी होत राहिलं.

ते दशक संपता संपता अप्पा गेले. साधा ताप आला आणि आठवड्यात सगळं आटोपलं. दवाखान्यातही त्यांनी खाटेला लावलेला, 'बहिरा' लिहिलेला कागद मागवून घेतला होता, पेन्सिलीसह. शेवटच्या दिवशी त्यांनी माझा हात उशाजवळच्या भिंतीला लावला आणि विचारलं, "खाली काय तरी चालतंय. पंप हाय का?" मी खाली जाऊन पाहिलं. पंप होता.

दहाव्यानंतर देवळात शोकसभा झाली. बाहेरून एक वक्ते बोलावले होते. त्यांची अप्पांशी ओळख नव्हती, पण शब्द भरपूर होते. दैवाने त्यांचे कान हिरावून घेतले, ते म्हणाले, पूर्ण बहिरे असूनही या साध्या कामगाराने पखवाज सोडला नाही. 'बहिरे असूनही' हे त्यांनी तीनदा म्हटलं. गुंडूबुवा व्यासपीठावर मान खाली घालून बसले होते.

मी सभेत कधी बोललेली नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातसुद्धा नाही. त्या दिवशी मी उभी राहिले. "ते बहिरे नव्हते," मी म्हणाले.

"काय? मोठ्याने बोला, बाई," वक्ते कानामागे हात नेऊन म्हणाले. माझ्या पुढची माणसंही मागे वळून 'काय, काय' करू लागली. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू येत होता. ओरडावं असं मनात आलं. मग वाटलं, ओरडलं की तोंड वाकडं होतं. मी मागे वळले. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून मागावरची म्हातारी माणसं बसली होती, अप्पांच्या बरोबरीची, अप्पांसारख्याच कानांची. वक्त्यांचं एवढं मोठं भाषण त्यांच्यापर्यंत किती पोचलं होतं, देव जाणे. मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि आवाज न काढता, सावकाश, तेच तीन शब्द पुन्हा म्हणाले.

एक म्हातारा भिंतीचा आधार घेत उठला.

"बाई म्हणत्यात, अप्पा भैरा न्हवता!" त्याचा आवाज मागांवरून जाणारा होता. कळसापर्यंत गेला.

त्याच्या शेजारचाही उठला. "बारीक ऐकत हुता, म्हणत्यात!"

हे दुसरं मी म्हणाले नव्हते.